आभारप्रदर्शनानंतर सुरू झालेलं व्याख्यान

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला ठिकठिकाणी झालेल्या व्याख्यानांच्या बातम्या आपल्या अंकात वाचल्या. फोटोत वक्ते दिसले, पाहुणे दिसले, शाल-श्रीफळही दिसलं. ऐकायला आलेल्यांच्या पदरात काय पडलं, ते मात्र कुठल्याच बातमीत नव्हतं. जुन्नर तालुक्यातल्या एका वाचनालयाचा मी कार्यवाह. अशी व्याख्यानं गेली अकरा वर्षं मीच ठरवतो, त्यामुळे हे पत्र थोडं माझ्याच विरोधात आहे.

यंदा आम्ही टोमॅटोवरच्या विषाणूंचा अभ्यास करणाऱ्या एका तरुण संशोधक मुलीला बोलावलं होतं. नारायणगावचा टोमॅटो बाजार हाकेच्या अंतरावर, त्यात उन्हाळी लागवडीचे दिवस. एरवी विज्ञान दिनाला शाळेची मुलं आणून खुर्च्या भराव्या लागतात. यंदा शेतकरी आपणहून आले, काही तर पाठीमागे उभे राहिले. मग दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षांचे दोन शब्द (ते दोनशेच्या खाली कधी येत नाहीत) यात पाऊण तास गेला. हा दोष पूर्णपणे आमचा.

त्यानंतर प्रोजेक्टर सुरू झाला. विद्यापीठात मार्गदर्शकांपुढे दाखवलेली पीपीटी तिनं जशीच्या तशी आणली होती. अठ्ठावन्न स्लाइड, सगळ्या इंग्रजीत. आधी पूर्वसुरींचं संशोधन, मग पद्धती, मग तक्ते. "ही स्लाइड जरा भरगच्च आहे, तुम्हाला वाचता येणार नाही," असं ती चार वेळा तरी म्हणाली. वाचता येणार नाही तर आणली कशाला, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. तिसाव्या स्लाइडच्या आसपास मागच्या रांगेतली माणसं चपला शोधू लागली.

आभार मानून झाले आणि चहा आला. तेवढ्यात एक आजोबा पिशवीतून आखडलेल्या, पिवळ्या पडलेल्या पानांची फांदी काढून म्हणाले, "ताई, प्लॉटमध्ये व्हायरस आलाय. फवारा मारू का नको?"

त्या मुलीचा चेहराच बदलला. तिनं फांदी हातात घेतली, पान उलटं केलं आणि पाठीमागची पांढरी माशी दाखवली. "आजोबा, ही माशी म्हणजे डास समजा. डास जसा आजारी माणसाचं रक्त पिऊन हिवताप दुसऱ्याला देतो, तशी ही आजारी झाडाचा रस पिऊन व्हायरस पुढच्या झाडाला देते. या झाडाला आता कुठलंच औषध बरं करणार नाही. हे उपटा, लांब नेऊन गाडा. रोपं कोवळी असतानाच बारीक जाळीखाली सांभाळा, प्लॉटमध्ये पिवळे चिकट सापळे लावा. फवारा लागलाच तर तो माशीसाठी, व्हायरससाठी नाही." लोकांनी कोंडाळं केलं, प्रश्नांवर प्रश्न आले. तिचं संशोधन नेमकं काय, तेही तिथेच कळलं: माशीनं कोणता विषाणू आणलाय, हे पान आखडायच्या आधी ओळखता येईल का? सबंध व्याख्यानात हा प्रश्न तिनं एकदाही असा सरळ मांडला नव्हता. मांडला असता तर चपला शोधणारे जागेवर बसले असते.

तेव्हा 'आपल्या संशोधकांना बोलता येत नाही' ही तक्रार मला पटत नाही. समोर परीक्षक बसलेत असं समजून ते बोलतात. परीक्षकापुढे काही सुटू नये याची धास्ती असते. गावकऱ्यांपुढे मात्र बरंच काही सोडून द्यावं लागतं. ही सवय त्यांना लावणार कोण?

आमच्याच तालुक्यात खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना असलेली. तिथला विज्ञान दिन म्हणजे आमच्याकडे जत्राच. एका वर्षी मी तिथल्या माणसाला विचारलं, या तबकड्यांना पत्रा नाही, नुसती तारांची जाळी आहे. मग लहरी निसटत कशा नाहीत? तो म्हणाला, "चाळणीतून पीठ पडतं, भोपळा पडतो का? जाळीची भोकं बोटाएवढी आणि आमच्या लहरी वीतभरापासून पुरुषभर लांब." वर्षं लोटली, ते वाक्य अजून लक्षात आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी 'चाय अँड व्हाय' या उपक्रमात रविवारी सकाळी पृथ्वी थिएटरमध्ये येऊन लोकांशी अशाच गप्पा मारतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं तर 2008 मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची स्पर्धाच सुरू केली: तीन मिनिटं, एकच स्लाइड, समोर त्या विषयातला नसलेला माणूस. कल्पना कुठून आली म्हणाल, तर दुष्काळामुळे. पाणी वाचवावं म्हणून तिथले लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं घड्याळ लावून अंघोळ उरकत. दुष्काळ आपल्यालाही नवा नाही.

आपल्या विद्यापीठांना माझं एकच सांगणं आहे. प्रबंध सादर करण्याआधी प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यानं एकदा तरी तालुक्याच्या वाचनालयात, शाळेत किंवा ग्रामसभेत मराठीत वीस मिनिटं बोलावं आणि तितकाच वेळ प्रश्न घ्यावेत, असा नियम करा. त्याला गुण नसले तरी चालतील. जागा आणि चहा आमच्यासारखी वाचनालयं आनंदानं देतील.

त्या मुलीला आम्ही पुढच्या वर्षीही बोलावलं आहे. प्रोजेक्टर ठेवणार नाही. टेबलावर दोन रोपं असतील, एक निरोगी आणि एक आखडलेलं. सत्कार प्रश्नोत्तरं संपल्यावर होईल. अध्यक्षांना तसं कळवलं आहे, ते थोडे नाराज आहेत.

आपला,
एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह,
ता. जुन्नर, जि. पुणे