महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

मी कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. आपली कधी भेट झालेली नाही. पण पावसाआधी लाकडं-गवत भरायची घाई सुरू झाली, इंगळी, म्हणजे विंचू, डसलेले पेशंट येऊ लागले, की तुमचं नाव आमच्याकडे हमखास निघतं.

यंदा अशीच एक आठ वर्षांची मुलगी आली. आई म्हणाली, "आता दुखायचं थांबलंय, गप्प पडून आहे." तेच ऐकून मी धावलो. कपाळावर दरदरून घाम, उलट्या झालेल्या, तळपाय गारठलेले. ठणक्याने किंचाळणारं मूल बहुतेक वेळा सुखरूप घरी जातं. जीव धोक्यात असतो तो असा घामाने भिजून गार पडलेल्या मुलाचा. ही लक्षणं तुम्ही बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात पेशंटच्या उशाशी बसून टिपलीत आणि १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलीत. माझ्यासारख्याला ती दारातच ओळखता येतात, ती तुमच्यामुळे.

विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकतं, फुफ्फुसांत पाणी भरतं. पूर्वी स्टेरॉइड, अॅट्रोपिन देऊनही गंभीर पेशंटपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावत. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबावरची प्राझोसिनची गोळी तुम्ही वापरलीत, १९८६ मध्ये ते प्रसिद्ध केलंत, आणि मृत्यू एक-दोन टक्क्यांवर आले. ना आयसीयू लागला, ना महागडं यंत्र! आमच्या औषधांच्या कपाटात मावणारा उपाय तुम्ही दिलात, याचं मोल मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना कदाचित कळणार नाही.

त्या मुलीला वजनाच्या हिशोबाने गोळी कुटून पाजली, विंचूप्रतिविषही दिलं. एकदम दाब उतरू नये म्हणून तिला उठवून बसवायचं नाही, कडेवर घ्यायचं नाही, असं आईला बजावलं. तीन तासांनी पुन्हा गोळी. नर्सताई दर थोड्या वेळाने तळपायाला हात लावून बघत होत्या. पहाटे पाय गरम लागले आणि पोरीने पेज मागितली.

२०२२ साली तुम्हाला पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या केंद्रात पेढे वाटले होते. प्रतिविषाच्या २०११ च्या अभ्यासात तुमच्याबरोबर असलेल्या तुमच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी मॅडमचेही मनापासून आभार. मुलीच्या आईने तुम्हा दोघांना नमस्कार सांगितलाय, तोही पोचवतो.

आपला ऋणी,
एक वैद्यकीय अधिकारी