सीमेपाशी न जुळणाऱ्या रेषा

फ्रायबर्ग, जर्मनी

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की कुठे कोणता खडक आहे ते दाखवणारे भूवैज्ञानिक नकाशे तर कधीच काढून झालेले आहेत, मग ते संगणकात घालायला एवढी माणसे आणि एवढी वर्षे कशासाठी लागतात. मी घाईत काहीतरी तुटक बोलून फोन ठेवला. ज्यांनी उभी नोकरी ट्रेसिंग क्लॉथवर नकाशे उतरवण्यात आणि विहिरींच्या नोंदी करण्यात घालवली, त्यांना इतके तोकडे उत्तर दिल्याची रुखरुख आठवडाभर राहिली, म्हणून आज नीट लिहीत आहे.

आमच्या गावाच्या पूर्वेला श्वार्ट्‌सवाल्डचे डोंगर आहेत आणि पश्चिमेला, ऱ्हाईन नदीपलीकडे, फ्रान्समधला व्होज पर्वत. हे दोन्ही मुळात एकच होते. चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वी मधला पट्टा खचू लागला आणि पुढे त्यात गाळ साठत गेला. म्हणूनच दोन्ही बाजूंना तोच तांबूस वालुकाश्म सापडतो. फ्रायबर्गचे मोठे चर्च आणि पलीकडे स्ट्रासबुर्गचे कॅथीड्रल याच जातीच्या दगडात उभे आहे. जर्मन लोक त्याला बुंटझांडश्टाइन म्हणतात, फ्रेंच ग्रे बिगारे म्हणतात, आणि दोन्हींचा अर्थ रंगीबेरंगी वालुकाश्म असाच होतो. एवढ्यावर भागले असते तर शब्दकोश पुरला असता. परंतु या थराच्या पोटात खालचा भाग कोठे संपतो आणि मधला कोठे सुरू होतो, हे दोन्ही देशांनी आपापल्या परंपरेने ठरवलेले आहे, आणि त्यामुळे दोन नकाशे शेजारी ठेवले की एका बाजूने आलेली रेषा सीमेवर येऊन थांबते आणि पलीकडे तिला कोणी वारस नसतो.

हे कळण्याआधी मी एक मोठी चूक केली होती. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात अशा दहा-बारा रेषा मी पडद्यावर ओढून एकमेकींना जोडून टाकल्या. नकाशा सुबक दिसू लागला. माझ्या वरिष्ठ बाईंनी तो पाहिला आणि शांतपणे विचारले, "या रेषेवर उभे राहून कोणी दगड पाहिला आहे का?" ते सगळे काम पुसून मी पुन्हा आरंभापासून केले. तुम्हीही मला लहानपणी सांगत होतात की ट्रेसरने नकाशा सुधारायचा नसतो. त्याचा अर्थ त्या दिवशी उमगला.

न जुळण्याची कारणे एक एक करून शोधावी लागतात. इकडचे जुने नकाशे १:२५,००० प्रमाणात, तर पलीकडचे १:५०,००० या निम्म्या प्रमाणात आहेत, म्हणून इथे दिसणारा अरुंद थर तिथे शेजारच्या थरात विरून गेलेला असतो. फ्रेंच नकाशांचे शून्य रेखावृत्त पॅरिसमधून जाई आणि जर्मन नकाशे पृथ्वीच्या आकाराचे वेगळे गणित धरत, त्यामुळे रूपांतर न करता एकावर एक ठेवले तर जागा चुकतात. त्यातच अल्सास प्रांत १८७१ ते १९१८ या काळात जर्मन साम्राज्यात होता, आणि त्या वर्षांतली कित्येक नकाशा-पत्रके जर्मन सर्वेक्षकांनी काढलेली आहेत. म्हणजे आज फ्रान्समध्ये असलेल्या गावाचा खडक जर्मन नकाशाच्या सूचीतून, म्हणजे रंग-खुणांच्या यादीतून, वाचावा लागतो.

काळाचे कोडे मला सर्वांत अवघड वाटते. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघाने क्वाटर्नरी या सर्वांत अलीकडच्या कालखंडाची सुरुवात सुमारे १८ लाख वर्षांवरून सुमारे २६ लाख वर्षांवर मागे नेली. खडक होते तसेच राहिले, पण त्याआधी छापलेल्या नकाशावरचा, खडकाचे वय दाखवणारा रंग आज वेगळा अर्थ सांगतो, आणि ऱ्हाईनच्या खोऱ्यात तर याच काळातल्या वाळूचे व खडीचे जाड थर आहेत. म्हणून आम्ही रंग उतरवत नाही. प्रत्येक तुकड्यामागे खडक कोणता, वय किती, मूळ पत्रक कोणते व कोणत्या वर्षाचे, मूळ नाव काय आणि सर्वमान्य यादीतले नाव काय, अशी नोंद ठेवतो. मूळ नाव कधीही पुसत नाही. जिओसायएमएल नावाची एक ठरावीक मांडणी आहे. तिच्यात भरलेली नोंद कोणत्याही देशाचा संगणक वाचू शकतो.

याच विचारातून मार्च २००७ मध्ये ब्रायटन इथे अनेक देशांच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था एकत्र आल्या आणि ऑगस्ट २००८ मध्ये ऑस्लोच्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेत वनजिऑलॉजी हा उपक्रम जगापुढे आला. १:१०,००,००० प्रमाणात, म्हणजे १ सेंटिमीटरला १० किलोमीटर, जगाचा नकाशा सर्वांना पाहता यावा हा त्याचा हेतू. त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते: ज्या देशाचा नकाशा, त्याच्याकडेच त्याची मालकी राहते, आणि ज्याच्याजवळ साधने नाहीत त्याचा नकाशा दुसरा देश आपल्या संगणकावर ठेवून देतो.

आई, तू विचारशील की याचा माणसांना उपयोग काय. ऱ्हाईनच्या खोऱ्यातले भूजल फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या तिघांच्या जमिनीखाली आहे. फ्रान्समधल्या म्युलूझजवळच्या पोटॅश खाणींच्या ढिगाऱ्यांतून मीठ पाझरून तिथले भूजल खारट झाले, तेव्हा ते कोणत्या थरातून कुठवर जाईल हे सीमेवर संपणारा नकाशा सांगू शकत नव्हता. हे तिन्ही देश जिथे भेटतात ते बासल शहर १३५६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले होते. भूकंप जिच्यावर होतो ती जमिनीतली भेग देश पाहून थांबत नाही, आणि आपण मात्र ती नकाशावर अर्ध्यावर सोडून देतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आता एक विनंती. बाबा, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुमच्या विहिरींच्या वह्या आहेत. घर आवरताना त्या रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांत विहीर खणणाऱ्यांच्या तोंडचे शब्द तुम्ही जसेच्या तसे टिपले आहेत: मुरूम, मांजऱ्या, तांबडा थर, काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे तुमच्या दृष्टीने नेमका कोणता खडक, तो हाताला कसा लागतो, त्याला पाणी किती लागते, हे प्रत्येक शब्दासमोर तुम्ही सांगा आणि आईने तिच्या सुवाच्य अक्षरात लिहून ठेवावे. कोणत्या गावात कोणता शब्द चालत असे, हेही विसरू नका. डिसेंबरात मी येईन तेव्हा आपण तिघे बसून पाने क्रमाने लावू आणि मी त्यांची छायाचित्रे घेईन. तोवर पेटीत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवा. मागच्या वेळी एका वहीला कसर लागलेली दिसली होती.

तुमची,
मुक्ता