सही केली नाही, बाबा

ति. आई आणि बाबा,
शि. सा. न.

फोन केला असता तर आई रडली असती आणि मी माघार घेतली असती, म्हणून लिहितेय. बिल्डरच्या संमतीपत्रावर मी सही केलेली नाही. परवाच सोसायटीला लेखी कळवलं. पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते, म्हणजे आपल्या १२ बिऱ्हाडांत ७. सहा झाल्या होत्या. खोली माझ्या नावावर केलीत तेव्हा मी अशी वागेन असं वाटलं नसेल ना, बाबा?

नव्या इमारतीत लिफ्ट मिळाली असती, ते मला कळतं हो. तुमचे गुडघे, जिन्यात थांबून आईने घेतलेला दम, सगळं दिसतं. पण इमारतीची मजबुती तपासणाऱ्या ऑडिटवाल्यांबरोबर मी स्वतः फिरले. न्हाणीमागच्या भिंतीवर त्यांनी हातोडी मारली तर सिमेंटचा गिलावा पापडासारखा सुटला. आत जांभा दगड शाबूत, फक्त ओलाकिच्च. जांभा पाणी पितो, चुन्यातून ते हळूहळू सुकतं. आपण वर सिमेंट थापून त्याचं तोंडच बंद केलं. ते खरवडायचं, चुना लावायचा, कुजलेले वासे बदलायचे. इमारत म्हातारी झालीय, मरायला टेकलेली नाही. (आई, हे तुला उद्देशून नाही हं!) आणि पाहुण्यांना आपल्या रत्नागिरीचा थिबा पॅलेस दाखवताना ‘१९१० चा आहे’ म्हणून छाती कोण फुगवायचं?

जिन्याची सोय केलीय. तळमजल्यावरच्या काकूंची रिकामी खोली ११ महिन्यांच्या करारावर घेतली. कमोड बसवलाय, शेजारी धरायला दांडी आहे. बाबांची आरामखुर्ची दाराशी ठेवून बघितली, मांडवीच्या समुद्राकडचा वारा थेट येतो. गणपती मात्र वरच, नेहमीच्या कोनाड्यात. तुम्हाला खुर्चीसकट उचलून नेऊ. चुन्याचं काम दिवाळीनंतर.

लाइट गेली की गॅलरीत तुम्हा दोघांच्या मध्ये झोपायचे, आठवतं? कौलांवर पाऊस, आणि बाबांचा हात पाठीवर. पुण्यात त्या आवाजाशिवाय अजून नीट झोप येत नाही. म्हणजे थोडा स्वार्थ आहेच माझा, कबूल.

आता ऐका. बीपीची गोळी चुकवायची नाही. माळ्यावर चढायचं नाही, बरणी हवी असेल तर पोरांना हाक मारा. कोणी कागद घेऊन आलं तर चष्मा सापडत नाही म्हणून सांगा. आई, पाच नंबरच्या वहिनी आता काही दिवस बोलणार नाहीत. त्यांच्याकडे फणसाचे गरे पाठव आणि सगळं खापर माझ्यावर फोड.

तुमची,
चिमी