कंबर फिरवण्याआधी वजन सरकवा

मा. संपादक,

पावसाळ्यात गोव्यातला गोल्फचा सराव मंदावतो, पण कमरेची हालचाल घरच्या बाल्कावातही (ओसरीवरही) घोटवता येते. ‘कंबर जोरात फिरवा’ हा सर्रास मिळणारा सल्ला अर्धवट आहे. उजव्या हाताच्या खेळाडूने बॅकस्विंग (गोल्फची काठी, म्हणजे क्लब, मागे उचलणे) संपता संपता वजन डाव्या पायाकडे न्यावे, मगच कंबर लक्ष्याकडे वळवावी. क्लब चेंडूला लागतो तेव्हा ती लक्ष्याकडे साधारण ३५ ते ४५ अंश वळलेली असते, खांदे त्याहून कमी. वजन न सरकवता नुसती गिरकी घेतली, की क्लब चेंडूच्या पलीकडच्या बाजूने आपल्याकडे आत येतो आणि चेंडू बहुधा उजवीकडे वळतो.

दुसरा दोष जास्त चिवट. कंबर चेंडूच्या दिशेने पुढे ढकलली जाते, पाठ ताठ होते, हातांना जागाच उरत नाही. यावर भिंतीसारखा गुरुजी नाही. किंचित वाकून दोन्ही नितंब भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधा. मागे वळताना उजवा नितंब टेकलेला राहावा, मग पुढे वळताना डाव्याने भिंत गाठावी. मध्येच दोन्ही सुटले, तर चूक तिथेच. रोज वीसेक वेळा, अगदी सावकाश. क्लब हातात नकोच, पंखा जाईल!

— एक गोल्फ प्रशिक्षक, मडगाव