खिळ्यावरच्या तीन किल्ल्या

संपादक महोदय,

मी नाशिकला सिडकोत पाचव्या योजनेत राहते. वय 63. घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. मशीनच्या वरच्या खिळ्याला माझ्या घराच्या किल्लीशिवाय आणखी तीन किल्ल्या असतात, तिन्ही शेजारच्या. सकाळी अंबडच्या कारखान्यांतली पहिली शिफ्ट गाठायला मंडळी निघतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात आणि किल्ली माझ्याकडे देतात. "मावशी, जरा लक्ष असू द्या."

वाचून कोणी म्हणेल, काय ही पोरं! तसं नाही हो. एका घरच्या आजींना काही आठवत नाही. गेल्या वर्षी त्या गाऊनवरच त्रिमूर्ती चौकापर्यंत गेल्या, नातवाची शाळा सुटली म्हणून. नातू आता नोकरीला आहे. तेव्हापासून कुलूप. सून पॅकिंगला जाते, खाडा झाला की पगार कापतात, आणि घराचा हप्ता एकाच्या पगारात भागत नाही.

दुसऱ्या घरच्या आजींचा डावा हात अर्धांगवायूने गेलेला, त्यात साखरेची गोळी. श्रावणातली गोष्ट. दुपारी एकला खिडकीतून हाक मारली तर ओ नाही. कुलूप काढून आत गेले, तर घामाने लुगडं भिजलेलं, बोलणं बोबडं. घोट गिळत होत्या म्हणून साखरपाणी पाजलं, तेव्हा हळूहळू माणसात आल्या. गोळी घेतली पण पोटात अन्न नव्हतं, त्याने साखर उतरली, असं डॉक्टर म्हणाले. सुनेने पोळी-भाजी करून उशाशी ठेवली होती. स्टीलचा डबा, झाकण घट्ट. एका हाताने उघडेना.

सत्तरीपुढच्या सगळ्यांना वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचाराचं आयुष्मान कार्ड 2024 च्या ऑक्टोबरपासून मिळतं. आजींचं आम्ही काढलंय, चांगलंच आहे. पण ते ॲडमिट झाल्यावर उपयोगाचं. झाकण उघडून द्यायला माणूस लागतं, ते कुठल्या योजनेत बसतं?

आमच्याकडे ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र आहे. कॅरम, पेपर, एकादशीला भजन. तिथे पायाने चालत जाणारे जातात, बहुतेक पेन्शनवाले. ज्याला धरून संडासला न्यावं लागतं, त्याने तिथे जाऊन बसायचं कुठे? गंगापूर रोडकडे खासगी डे केअरला फोन करून पाहिला. महिन्याचा आकडा पॅकिंगच्या पगाराहून मोठा होता, मी आभार मानून ठेवून दिला.

लहान मुलांसाठी 1975 पासून अंगणवाडी आहे. तशी म्हाताऱ्यांची एक खोली वॉर्डात असावी, एवढंच मागणं. हसू नका. केरळात ग्रामपंचायती, नगरपालिका असं 'पकल वीडू' चालवतात, म्हणजे दिवसाचं घर. आमच्या गल्लीच्या टोकाचं समाजमंदिर बारसं-साखरपुडा सोडला तर बंदच असतं. तिथे दांडी लावलेला कमोड, चार पलंग, वस्तीतल्याच दोन बायका रीतसर पगारावर, आठवड्यातून दोनदा बीपी-साखर बघायला नर्स, आणि ने-आण करायला एक रिक्षा, एवढ्यावर सुरू करता येईल. वेळ मात्र दहा ते पाच ठेवू नका. शिफ्टवाल्यांना ती सकाळी सहाला उघडी हवी, नाहीतर कुलपं तशीच राहतील. थोडी फी घ्यावी असं माझं मत आहे, पण ज्याचं सरकारच्या श्रावणबाळ योजनेच्या पैशावर चालतं त्याच्याकडून घेऊ नये.

तिसऱ्या किल्लीच्या घरचे बाबा फाउंड्रीत होते. कान गेले आहेत, दारावर थाप मारून कळत नाही, म्हणून मी खिडकीच्या गजाला लाल चिंधी बांधून हलवते. ती दिसली की हात वर करतात.

पुढच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. काही दिवस मशीन बंद, चुलीपाशी जायचं नाही, ऊन नको, असं सांगितलंय. या तीन किल्ल्या तेवढे दिवस कोणाकडे ठेवायच्या, ते अजून ठरलेलं नाही.

– एक शिवणकाम करणारी वाचक, सिडको, नाशिक