भीती वावरात परतते
भीतीच्या विकारांवरील सामना-उपचाराविषयीचा (रुग्णाला भीती वाटते त्याच गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारा उपचार) पुरवणीतील लेख पटला, पण अर्धाच. कापूस वेचताना पऱ्हाटीत साप दिसल्यापासून (चावला नाही, तरीही) माझ्या वहिनीने वावरात पाय ठेवला नव्हता. शहरातल्या दवाखान्यात आधी चित्रे, मग चित्रफिती पाहून ती सावरली. वावरात पऱ्हाटीच्या पहिल्याच ओळीशी मात्र हातपाय पुन्हा लटपटले. उपचाराने जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवा अनुभव बसतो. जागा बदलली की जुनी वर येते. मावळलेली प्रतिक्रिया काही काळाने आपोआप परतते, हे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतच पाहिले होते. म्हणून शेवटची सत्रे रुग्णाच्या वावराच्या धुऱ्यावरच (बांधावरच), वेगवेगळ्या वेळी व्हावीत. गमबूट घालूनच, अर्थात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. त्यातील समुपदेशकाला गावापर्यंत येण्याची सोय शासनाने करावी.

– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा