‘नस मेली’ असं छापू नका हो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आलंय की हाताची नस तुटली की ती कायमची मेली, ते वाचून आमची आई दोन दिवस नीट जेवली नाही म्हणून लिहितोय. शिमग्यात भावाला शहाळं सोलताना कोयती लागली, डाव्या मनगटावर, अंगठा नि शेजारची दोन बोटं बधिर. पहिल्या दवाखान्यात वरवर टाके घातले, बोटाला टाचणी टोचूनसुद्धा बघितलं नाही, मग तीन आठवड्यांनी कोल्हापूरला जाऊन नस जोडून आणली.

मुळात आपल्याकडे रक्ताची शीर पण नस, स्नायूची दोरी पण नस आणि मेंदूला खबर नेणारी तीही नसच, तिथेच घोळ. ही शेवटची म्हणजे हजारो पेशींच्या लांबलचक शेपट्यांची जुडी, आणि स्पर्श कळवणाऱ्या पेशींचं घर मनगटात नसतंच, ते मानेत, मणक्यांना लागून. कोयती बसली शेपटीवर. तुटल्या टोकाकडून काही प्रथिनं शेपटीतल्या रुळांवरून उलटी घरी पोचतात आणि एरवी गप्प पडलेली एटीएफ-३ सारखी जीन्स (म्हणजे जनुकं, पेशीने काय बनवायचं ते सांगणारी) एकदोन दिवसांत जोरात चालू होतात, वाढीला लागणारं जीएपी-४३ पण, आणि रोजच्या कामाची बरीच जीन्स मंदावतात. आगोटीला कसं बाकी सगळं टाकून माणूस कौलं परतायला चढतो ना, तसं.

पण ह्याच गडबडीत दुखणंही शिरतं. उंदरांत दिसलंय की जन्माआधी चालू असणारं एका सोडियम चॅनेलचं (म्हणजे पेशीत करंट उठवणाऱ्या बारीक दाराचं) जीन इजेनंतर परत जागं होतं, आणि अशी पेशी कोणी हात न लावताही करंट सोडू शकते. भाऊ सांगायचा बधिर बोटात मिरची चोळल्यागत होतंय, तर शेजारी म्हणायचे बधिर बोट दुखेल कसं, कामाला नको म्हणून नाटकं!! मेंदू नि मणक्याच्या आतल्या पेशींना ही जाग नीट येत नाही, माडावरून पडलेल्याचं अवघड होतं त्यामागे हेही एक कारण आहे. हातातली नस मात्र वेळेत जोडली तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर पुढे सरकते.

मनगटाच्या पुढे टिचकी मारत गेलं की एका जागी बोटात झिणझिणी जाते, वाढतं टोक तिथवर आलेलं असतं म्हणे. गणपतीत आईने स्वतः टिचकी मारून बघितली, तळव्याच्या मध्यापर्यंत आलीय.

आपला,
एक वाचक, गुहागर